एकशे वीस बसच्या पाठीवर

माझी बायको बसच्या पाठीवर आली त्या दिवशी मी सात नंबरच्या खड्ड्यात उभा होतो. खड्डा म्हणजे डेपोतला. त्याच्यावर बस आणून लावतात आणि आम्ही मेकॅनिक लोक खालून तिची आतडी तपासतो. वरून रेडिओने हाक मारली, वर ये, वहिनी आल्यात. रेडिओ हा आमच्याकडचा कंडक्टर. प्रत्येक बातमी आधी त्याच्याकडे येते आणि त्याच्याकडून निघते तेव्हा तिला चार पाय जास्त फुटलेले असतात, म्हणून हे नाव. मला वाटलं, ही डबा द्यायला आली असेल. हात पुसत वर आलो तर कोणीच नाही. नुसती धुतलेली बस उभी, आणि तिच्या मागच्या बाजूला नवी कोरी जाहिरात.

जाहिरातीत एक बाई वाकलेली होती. डोक्याला रुमाल, अंगात करडा कोट, चेहरा मुद्दाम पुसट केलेला. एक हात जमिनीपाशी, बोटांत नरम पडलेला टोमॅटो, आजूबाजूला कोबीचा पाला. दुसऱ्या हातात पिशवी. वर हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं होतं, "घाण टाकणारा हात ओळखा." खाली बारीक अक्षरांत शहरावर प्रेम करा वगैरे नेहमीचं.

चेहरा पुसट होता, पण पिशवी लख्ख होती. हिरवं रेक्झिन, त्यावर पिवळ्या तिरक्या रेघा. आमच्या जुन्या बसच्या सीटना हेच रेक्झिन होतं. त्या बस भंगारात गेल्या तेव्हा एका सीटचं कापड मी मागून घेतलं होतं आणि डेपोच्याच मशीनवर दुहेरी शिलाई मारून हिला पिशवी शिवून दिली होती. अशी पिशवी अख्ख्या शहरात एकच. जगाला ती बाई कोणीही वाटली असती, पण आमच्या डेपोत तिला न ओळखणारा माणूस नव्हता.

"एकशे वीस गाड्यांवर लागलीय," रेडिओ म्हणाला. "वहिनी आता सगळ्या रूटवर."

माझं डोकं फिरलं. आता हे आधीच सांगतो, की माझं डोकं लवकर फिरतं आणि या जाहिरातींवर तर ते आधीपासूनच फिरलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी आमच्या नगरपालिकेने रस्त्यावरचे कचऱ्याचे डबे काढून टाकले. का, तर डबे भरून वाहतात आणि शहराची शोभा जाते. डबे गेले आणि जाहिराती आल्या. थांब्यांवर जाहिराती, पाण्याच्या बिलावर जाहिराती, बसच्या तिकिटाच्या मागेसुद्धा "कचरा करू नका". बसमधून उतरलेला माणूस तेच तिकीट चुरगाळतो, दोन पावलं हातात धरतो, डबा शोधतो आणि शेवटी टाकून देतो. त्याने दुसरं करावं तरी काय? नाकाने कांदे सोलायला यांचं काय जातं, असं मी चहाच्या वेळी शंभरदा बोललो असेन.

चहाच्या वेळी आमच्याकडे दोनच विषय असतात, एक या जाहिराती आणि दुसरा वाणसामानाचे भाव. तेलाच्या बाटलीची कंबर बारीक झाली, पण किंमत तीच राहिली. बिस्किटाचा पुडा हलवला तर आत खुळखुळतो. अंडी लोक डझनाने घ्यायचे ते आता मोजून चार घेतात. फोरमन तर भावांचं रडगाणं रोज नव्याने गायचा. आणि मी? मी मिशीतल्या मिशीत हसायचो. मी म्हणायचो, भाव वाढले म्हणून रडता कशाला, बायकोला बाजार कळायला हवा. आमच्याकडे घरखर्चाचं पाकीट दोन वर्षांत बदललेलं नाही. पगार वाढला नाही, पाकीट वाढलं नाही आणि ताट कधी रिकामं दिसलं नाही. रोज भाजी असते. माझ्या आईला दात नाहीत, तिला मऊसूत टोमॅटोचं सार लागतं, तेही असतं. फोरमनने घरी जाऊन बायकोला माझ्या बायकोचं उदाहरण दिलं आणि दोन दिवस उपाशी राहिला, असं रेडिओ सांगायचा. मला त्यात मोठेपणा वाटायचा.

आता तोच फोरमन जाहिरातीसमोर कमरेवर हात ठेवून उभा होता. तो म्हणाला, "म्हणजे वहिनी बाजार स्वस्तात करतात आणि निम्मा रस्त्यावर फेकतात." सगळे हसले. वाईट मनाने हसले असंही नाही. पण मला ते लागलं.

माझी बायको कचरा टाकत नाही. हे मी नवरा म्हणून सांगत नाही, अठरा वर्षं तिच्याबरोबर चाललेला माणूस म्हणून सांगतो. रस्त्यात गोळी खाल्ली तर कागद कोटाच्या खिशात ठेवून घरी आणते. कोट धुताना खिशांतून तिकिटं निघतात, दोरे निघतात, बोरांच्या बिया निघतात. ती टोमॅटो रस्त्यावर फेकेल? फोटोवाल्याने काहीतरी लबाडी केली, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. आणि माझं म्हणणं खरं होतं, हीच तर पुढची सगळी आपत्ती.

घरी जाऊन मी तिला सांगितलं. ती बटाटे सोलत होती. सुरी थांबली, पण तिने मान वर केली नाही.

"तोंड दिसतंय का?" तिने विचारलं.

मी म्हटलं, तोंड पुसलंय, पण पिशवी दिसतेय आणि अख्खा डेपो हसतोय.

"मग असू दे. महिन्या-दोन महिन्यांत काढतील."

मी म्हटलं, असू दे कसं? तू टाकलंस का काही?

"टाकलं असेल," ती म्हणाली.

असेल म्हणजे काय, म्हणून मी आवाज चढवला. तेव्हा तिने सुरी खाली ठेवली, माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "टाकलं मी. टोमॅटो सडका निघाला, टाकून दिला. आता हा विषय बंद करा. आईंच्या कानावर घालू नका."

मी विश्वास ठेवला नाही. ती घाबरली आहे, सरकारी कटकट नको म्हणून स्वतःवर घेते आहे, असं मी धरून चाललो. अशी माणसं गप्प बसतात म्हणूनच यांचं फावतं, असं मी तिला सुनावलंसुद्धा. आतल्या खोलीतून आईने विचारलं, कशाबद्दल बोलताय रे? ही म्हणाली, काही नाही, बटाट्यांबद्दल.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोललो. डेपोत माझ्याकडे जी बस तपासायला यायची तिच्या पाठीवर ही वाकलेली असायची. खड्ड्यात उतरताना दिसायची, वर येताना दिसायची. धुण्याच्या पट्ट्यावर ब्रश तिच्या अंगावरून फिरायचे. कोणीतरी एका बसवर त्या हाताखाली खडूने माझं टोपणनाव लिहिलं, ते मी थुंकी लावून पुसलं. चौथ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि नगरपालिकेत गेलो.

जायच्या आधी तिला सांगितलं. ती दारात आडवी उभी राहिली. अठरा वर्षांत ती अशी कधी उभी राहिली नव्हती.

"जाऊ नका," ती म्हणाली. "झाकली मूठ झाकलेली राहू द्या. मी सांगते ना, टाकलं म्हणून."

मी म्हटलं, तुझ्या अब्रूसाठी चाललोय. तिला हाताने बाजूला केलं आणि निघालो. तिने "माझ्या?" एवढंच विचारलं, ते मी जिन्यात ऐकलं आणि उतरत राहिलो.

खिडकीवर आधी लेखी अर्ज मागितला. मी तो सणसणीत लिहिला. जाहिरातीतली बाई माझी पत्नी आहे, तिने आयुष्यात कचरा टाकलेला नाही, फोटो खोटा आहे, चौकशी करून लेखी माफी मागावी. खाली हिचं पूर्ण नाव, घराचा पत्ता. खिडकीतल्या माणसाने त्यावर शिक्का मारला, नंबर टाकला आणि मला वरच्या मजल्यावर जाहिरात विभागात पाठवलं.

तिथे एक मॅडम होत्या, पंचविशीतल्या. टेबलावर डबा उघडा होता, माझा अर्ज वाचताना त्यांनी तो बंद करून बाजूला ठेवला. मी भांडायच्या तयारीनेच गेलो होतो, पण त्यांनी भांडायला जागा दिली नाही. "काका, बसा," म्हणाल्या. फोटोवाल्याने त्या दिवशी भाजीबाजारात एकापाठोपाठ एक फोटो काढले होते, त्यातला एक निवडला होता. बाकीचे त्यांच्या कॉम्प्युटरवर होते. आपण सगळेच बघू म्हणजे संशय राहणार नाही, असं म्हणून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला.

पहिल्या फोटोत बाजार बंद झालेला होता. गाळ्यांची शटरं खाली, बाहेर रिकाम्या पाट्यांची चवड आणि तिच्या बाजूला ओला ढीग. ही भिंतीशी उभी. चेहरा अजून पुसट केलेला नव्हता, तिचा नेहमीचा चेहरा होता तो. दुसऱ्या फोटोत ती डावीकडे बघत होती, तिसऱ्यात उजवीकडे. चौथ्यात वाकलेली. मग तो जाहिरातीतला. त्याच्या पुढच्या फोटोत टोमॅटो जमिनीपासून वर आला होता. पुढच्यात ती तो फिरवून बघत होती. मग अंगठ्याने दाबून बघितला. मग नाकाशी नेला. मग रुमालाच्या टोकाने पुसला. शेवटच्या तीन फोटोंत तो पिशवीत गेला, आणि पिशवीचं तोंड उघडं असल्याने आत काय होतं तेही दिसलं. अर्धा कोबी, काळे डाग पडलेले बटाटे, मऊ पडलेले आणखी चार-पाच टोमॅटो.

मला टोमॅटोचं सार आठवलं. दुसरं काही सुचलंच नाही. आई वाटी चाटूनपुसून खायची आणि म्हणायची, हिच्या हाताला चव आहे. मी डेपोत जाऊन तेच सांगायचो.

मॅडम मात्र खुर्चीत पुढे सरकल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "काका, तुमचं बरोबर आहे. या टाकत नाहीयेत, उचलतायत. दुसऱ्यांनी केलेली घाण या उचलतायत आणि आम्ही त्यांनाच दोषी ठरवलं."

त्या भराभर बोलत राहिल्या. नियमच असा आहे की जाहिरातीत चूक झाली हे सिद्ध झालं तर दुरुस्ती छापावी लागते, त्याच जागी, तेवढ्याच आकारात. म्हणजे एकशे वीस बसवर. आणि या वेळी चेहरा पुसट करायचा नाही, अभिमानाने दाखवायचा. हा टोमॅटो वर उचललेला फोटो फार छान आहे. वर लिहू, "हा हात उचलतो. तुमचा?" नगराध्यक्षांच्या हस्ते सत्कार करता येईल, वर्तमानपत्रात येईल. घरच्यांची सही लागेल फक्त.

त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. माझ्या डोळ्यांसमोर रेडिओ आला, फोरमन आला. त्यांच्यातल्या एकालाही तो फोटो समजावून सांगावा लागला नसता. आणि डेपोचं सोडा, भाजीबाजारात रोज येणाऱ्या एकाही माणसाला सांगावा लागला नसता. ती बाजार बंद होण्याची वेळ, ती पिशवी, ते दाबून बघणं. हिने अठरा वर्षं ताठ मानेने ज्या जिन्यावरून ये-जा केली त्या जिन्यातल्या प्रत्येक दारामागे कळलं असतं. आणि आईला कळलं असतं की ती काय खाते.

मी म्हटलं, सही नको. माझा अर्ज परत द्या.

अर्ज परत मिळत नाही, मॅडम म्हणाल्या. नंबर पडला की निकालीच काढावा लागतो. तक्रार खरी, नाहीतर खोटी. खरी असेल तर दुरुस्ती. खोटी असेल तर, आणि इथे त्या जरा थांबल्या, टाकणाऱ्याचं नाव-पत्ता आता कळलेलाच आहे, तेव्हा दंड आणि तीन रविवार सफाई. मी हिचं नाव स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात लिहून दिलं होतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मग खोटी लिहा," मी म्हणालो.

"पण काका, फोटोत दिसतंय ना?"

"फोटो उलटे लागलेत. ती पिशवीतून काढतेय आणि खाली टाकतेय. तुम्ही शेवटून पहिल्याकडे बघा."

मॅडमनी पडद्याकडे बघितलं. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात वेळ छापलेली होती, सेकंदांसकट. ती मलाही दिसत होती. त्या एकेक फोटो पुन्हा बघत गेल्या, आणि जिथे ही टोमॅटो नाकाशी धरते त्या फोटोवर थांबल्या. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी बघितल्या.

"घरी नेत होत्या का?" त्यांनी हळूच विचारलं.

"आमच्याकडे तसलं काही नाही," मी म्हणालो. "मी कायम नोकरीत आहे. चौदा वर्षं."

त्यांनी पडदा बंद केला. मग मी म्हणेन तसं त्यांनी लिहून घेतलं, की अर्जदाराच्या पत्नीने कचरा टाकला, अर्जदाराने गैरसमजातून तक्रार केली, अर्जदार खेद व्यक्त करतो. मी खाली सही केली. सफाईला घरातलं कोणीही आलं तरी चालतं, हे त्यांनी न विचारता सांगितलं, आणि मी निघताना उठून उभ्या राहिल्या. मला त्यांचा राग आला. त्यांनी काही वाईट केलं नव्हतं, पण आला.

घरापर्यंत मी चालत गेलो. वाटेत दोन बस गेल्या, दोन्हींवर ही होती. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आठवत होती. पहिल्यांदा भाव चढले तेव्हा हिने एकदा, एकदाच, पाकिटात थोडे वाढवता येतील का म्हणून विचारलं होतं. मी तिला पाऊण तास व्याख्यान दिलं होतं. बाजार कसा करावा, कुठे घासाघीस करावी, उचलली जीभ लावली टाळ्याला. मी स्वतः गेल्या दहा वर्षांत एक जुडी भाजी विकत घेतलेली नव्हती. तिने परत कधी विचारलं नाही आणि मी समजलो की तिला पटलं.

ती दारातच होती. आई झोपली होती.

"काय झालं?"

"लिहून दिलं," मी म्हणालो. "तू टाकलंस म्हणून."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिच्या लक्षात आलं. तिने भिंतीला हात टेकला.

"फोटो दाखवले तुम्हाला?"

"हो."

"सगळे?"

मी मान हलवली. ती तिथेच चपलांच्या शेजारी खाली बसली आणि कोटाच्या बाहीत तोंड घालून रडली. आवाज न करता, कारण आत आई होती. मला तिच्या शेजारी बसायचं होतं, पण मी उभाच राहिलो. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "चार दिवस मी तेच सांगत होते. माझं ऐकलं असतंत तर फक्त डेपोला कळलं असतं, आणि तेही खोटं." मग म्हणाली, "तुम्हाला कळायला नको होतं. बाकी कोणाचं मला काही नव्हतं."

मी म्हटलं, उद्यापासून जायचं नाही. माझा चहा बंद करतो, पाकीट वाढवतो. ती म्हणाली, चहाचे वाढवून किती वाढवाल. ते खरंच होतं. दंड भरला तो त्या महिन्याच्या पाकिटातूनच भरला, दुसरीकडून येणार कुठून?

रविवारी सफाईला मी गेलो. बाजार दुपारी बंद होतो, त्या वेळी बोलावलं होतं. मुकादमाने अंगावर घालायला पिवळं जाकीट दिलं, त्याच्या पाठीवर "मी चूक सुधारतोय" असं छापलेलं. हातात लांब दांड्याचा झाडू. सगळे मिळून सहा जण होतो, कोणी एकमेकांकडे बघत नव्हतं. काम संपलं की मुकादम वहीत शिक्का मारणार. शिक्का नसेल तर तो रविवार धरत नाहीत आणि पुढच्या वेळी ज्याच्या नावावर गुन्हा आहे त्यालाच बोलावतात. हे त्याने दोनदा बजावलं.

मला शटरांसमोरचा कोपरा दिला. फोटोतला. पाट्यांची चवड तशीच होती, बाजूला ढीगही तसाच. अर्धा कोबी होता, वरची पानं काढली तर आतून पांढराशुभ्र निघाला असता. टोमॅटो होते, वांगी होती, आणि एका पाटीत केळी होती, साल काळी पडलेली पण फुटलेली नाहीत. मी नको नको म्हणतानाही हिच्या डोळ्यांनी बघत होतो.

भिंतीशी चार बायका उभ्या होत्या. प्रत्येकीकडे पिशवी, प्रत्येक बाई दुसरीकडेच कुठेतरी बघते आहे असं दाखवणारी. त्यातली एक, माझ्या आईच्या वयाची, जरा पुढे आली.

"भाऊ, तिकडच्या टोकाकडून सुरू करता का?" ती म्हणाली. "पाचच मिनिटं."

मी झाडू उचलून तिकडे वळलो. मुकादम ट्रकच्या पायरीवर बसला होता, तिथून त्याने आवाज दिला. इथून आधी, सगळ्यात जास्त घाण त्याच कोपऱ्यात असते. मी म्हटलं, तिकडून घेत येतो. तो म्हणाला, तुला शिक्का पाहिजे का नको? आवाज चढवला नाही त्याने. त्याचंही ते रोजचंच काम होतं.

मला शिक्का पाहिजे होता. शिक्का नसता तर पुढच्या रविवारी ते जाकीट हिच्या अंगावर आलं असतं, याच कोपऱ्यात, या चार जणींच्या समोर. मी झाडायला लागलो. आधी पाला, मग वांगी, मग टोमॅटो. झाडूखाली ते फुटत होते. कोबी मी फावड्याने उचलून ट्रकमध्ये टाकला, केळ्यांची पाटी तशीच वर उलटी केली. म्हातारी थोडा वेळ थांबली, मग पिशवीची घडी घालून काखेत धरली आणि बाकीच्यांच्या मागे निघून गेली. मुकादम येऊन कोपरा बघून गेला आणि म्हणाला, चांगलं काम केलंस.

घरी आलो तेव्हा ही गॅसपाशी होती. पातेल्यात बटाटे उकळत होते, मोजके. मी हातपाय धुतले, तरी हाताचा वास जात नव्हता. तिने टॉवेल दिला. शिक्का मिळाला का म्हणून विचारलं, मी मिळाला म्हणालो. ती परत पातेल्याकडे वळली. बराच वेळ ढवळत राहिली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू आवाजात तिने विचारलं,

"काय काय होतं आज?"

मी सांगितलं. कोबी होता, वांगी होती, टोमॅटो होते, आणि केळी.

"केळीसुद्धा?" ती म्हणाली. "आईंना चालली असती."

तिने गॅस बंद केला आणि ताटं घ्यायला गेली.